तुरुंगातील बंडाचे चित्रपट आणि मागणीचे वाक्य

मराठीतील विध्यर्थाचे एक वैशिष्ट्य व्याकरणाच्या अभ्यासकांना परिचित आहे. 'कैद्यांना पुरेसे अन्न द्यावे' हे वाक्य घ्यावे. तुरुंगाच्या नियमपुस्तिकेत ते छापलेले असेल, तर तो नियम होय. वरिष्ठाने कनिष्ठास लिहिले असेल, तर ती आज्ञा होते. तुरुंगाधिकाऱ्याच्या वार्षिक अहवालात आले, तर ती शिफारस ठरते; एकट्या कैद्याच्या अर्जात आले, तर विनंती. आणि हेच वाक्य शेकडो कैद्यांनी एकमुखाने उच्चारले, तर ती मागणी होते. शब्द तेच, प्रत्यय तोच, अन्वयही तोच. बदलतो तो केवळ बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामधील संबंध. पाणिनीनेही विधी आणि प्रार्थना ही दोन टोके एकाच लिङ् लकाराच्या अर्थांत गोविली आहेत. म्हणजे नियम करणारा आणि याचना करणारा या दोघांना भाषा एकच रूप पुरविते, आणि त्या रूपाला वजन कोणते द्यावयाचे हे भाषेबाहेरील व्यवस्थेवर सोपविते.

अमेरिकन गुन्हेपटांचा एक वर्ग असा आहे की, त्यात या भाषिक प्रश्नालाच कथानकाचे रूप आले आहे. तुरुंगातील बंड हा त्या चित्रपटांचा विषय. वरवर पाहता त्यांत मारामारी, पळून जाण्याचे बेत, भोंग्यांचे आवाज आणि मशीनगनी यांचीच रेलचेल दिसते. परंतु थोडे लक्षपूर्वक पाहिल्यास त्यांतील खरा संघर्ष 'कैद्याचे वाक्य कोण ऐकतो, आणि ऐकून त्याचे काय करतो' या एका प्रश्नाभोवती फिरताना आढळतो. १९३० ते १९५४ या काळातील चार चित्रपटांच्या आधारे हा प्रश्न स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

या वर्गाचा आरंभ सामान्यतः 'द बिग हाऊस' (१९३०) या चित्रपटापासून मानला जातो. दिग्दर्शक जॉर्ज हिल. कथा-पटकथा फ्रान्सिस मॅरियन यांची. मॅरियन यांनी लेखनापूर्वी कॅलिफोर्नियातील सॅन क्वेंटिन तुरुंगाची प्रत्यक्ष पाहणी केली होती. या चित्रपटाने त्यांना लेखनाचे अ‍ॅकॅडमी पारितोषिक मिळवून दिले, आणि ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. आधीच्याच वर्षी, म्हणजे १९२९ साली, न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न व डॅनेमोरा आणि कॅन्सस राज्यातील लेव्हनवर्थ या तुरुंगांत मोठी बंडे झाली होती. एकाच्या जागेत अनेकांना कोंबणे, निकृष्ट अन्न आणि हाताला काम नसणे ही त्यांची कारणे वृत्तपत्रांतून सर्वतोमुखी झाली होती. प्रेक्षकाला विषय नवा नव्हता. नवा होता तो ध्वनी.

बोलपट येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. ध्वनिमुद्रणासाठी दिलेले पहिले अ‍ॅकॅडमी पारितोषिकही याच चित्रपटास मिळाले, ही गोष्ट येथे लक्षणीय आहे. भोजनगृहाच्या प्रसंगात बुच नावाचा दांडगा कैदी (वॉलेस बीरी) अन्नाविरुद्ध आवाज उठवितो आणि पाहता पाहता सारे भोजनगृह गर्जू लागते. शेकडो कंठांतून उठणाऱ्या त्या कोलाहलाचा अर्थ प्रेक्षकास तत्काळ कळतो. मात्र तो कोणत्याही एका वाक्यात सांगता येत नाही. पुढे अंधारकोठडीच्या प्रसंगात माणसे दिसतच नाहीत. बंद दारे दिसतात आणि त्या दारांमागून आवाज येतात. कैद्याला देह नाही, नाव नाही, क्रमांक आहे. आणि आवाज आहे. परंतु त्या आवाजाचे रूपांतर मागणीत होत नाही. बंडाची परिणती पळून जाण्याच्या फसलेल्या प्रयत्नात होते आणि रणगाडे आणून ते मोडून काढले जाते.

भाषाभ्यासकाला रस वाटावा असा आणखी एक तपशील आहे. ध्वनीवर दुसरी भाषा चढविण्याचे तंत्र त्या वेळी बाल्यावस्थेत होते. म्हणून हाच चित्रपट स्पॅनिश, फ्रेंच व जर्मन भाषांत निराळे नट घेऊन पुन्हा चित्रित करण्यात आला. भोजनगृहातील गर्जनेला अनुवादाची गरज नव्हती, संवादांना होती.

२

'आय अ‍ॅम अ फ्युजिटिव्ह फ्रॉम अ चेन गँग' (१९३२) या मर्व्हिन लरॉय यांच्या चित्रपटात बंड नाही. तरीही या चर्चेत त्याला स्थान आहे. कारण कैद्याला दिलेल्या शब्दाचे मोल काय, हा प्रश्न त्यात प्रथमच उघडपणे मांडला गेला. साखळदंडांनी जखडलेल्या कैद्यांकडून रस्त्याची व दगडफोडीची कामे करवून घेण्याची पद्धत तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत रूढ होती. चित्रपटाचा नायक जेम्स अ‍ॅलन (पॉल म्युनी) अशा टोळीतून निसटतो आणि उत्तरेकडे येऊन प्रतिष्ठित अभियंता बनतो. पुढे त्याचे बिंग फुटते, तेव्हा राज्याचे प्रतिनिधी त्याला सांगतात की, तो आपण होऊन परत आला, तर नव्वद दिवसांनी त्याला माफी देण्यात येईल. तो परत जातो. नव्वद दिवस संपतात, आणि माफी मिळत नाही.

हे कथानक रॉबर्ट एलियट बर्न्स यांच्या आत्मकथनावर आधारलेले आहे. किरकोळ रकमेच्या लुटीत सहभागी झाल्याबद्दल १९२२ साली जॉर्जिया राज्यात त्यांना कठोर शिक्षा झाली. ते पळाले, शिकागोत स्थिरावले, १९२९ साली आश्वासनावर विसंबून परत गेले आणि फसगत झाल्यावर १९३० साली पुन्हा पळाले. चित्रपटाच्या नावात व संवादांत जॉर्जियाचा उल्लेख नाही. तरीही तेथील अधिकाऱ्यांना बाण कोठे लागला हे कळावयास वेळ लागला नाही. बर्न्स यांची शिक्षा संपुष्टात आणण्याचा निर्णय १९४५ साली झाला.

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेली व्याख्याने १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत त्यांनी दाखवून दिले की, काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत. ती उच्चारणे हीच एक कृती असते. 'मी वचन देतो' हे त्याचे ठळक उदाहरण. अशी कृती सिद्ध होण्यासाठी योग्य व्यक्ती, योग्य प्रसंग आणि मान्य रीत यांची आवश्यकता असते. त्यांतील काही उणे असेल, तर शब्द उच्चारूनही कृती घडत नाही. सर्व काही यथास्थित असूनही मनात पाळण्याचा हेतू नसेल, तर कृती घडते. पण ती कपटाची ठरते. अ‍ॅलनच्या बाबतीत नेमके काय घडले? वचन देणाऱ्यांना अधिकारच नव्हता, की अधिकार असून हेतू नव्हता? चित्रपट याचे उत्तर देत नाही. राज्याच्या दृष्टीने कैदी हा वचन घेण्यास पात्र असा श्रोताच नाही, एवढे मात्र तो निःसंदिग्धपणे दाखवितो.

३

ज्यूल्स डासँ यांच्या 'ब्रूट फोर्स' (१९४७) या चित्रपटात भाषेचा मार्ग संपूर्णपणे बंद झालेला दिसतो. वेस्टगेट नामक काल्पनिक तुरुंगात नामधारी मुख्याधिकारी दुबळा आहे. खरी सत्ता कॅप्टन मन्सी (ह्यूम क्रोनिन) याच्या हाती आहे. मन्सी हळू आवाजात, सभ्यपणे बोलतो. कैद्यांमधून चुगलखोर निर्माण करणे हे त्याचे मुख्य शस्त्र. ज्या ठिकाणी शेजाऱ्याशी बोललेला प्रत्येक शब्द अधिकाऱ्याच्या कानी जाऊ शकतो, तेथे माणसे बोलेनाशी होतात. एका प्रसंगी तो ग्रामोफोनवर वाग्नरचे संगीत लावून एका कैद्यास रबरी नळीने झोडपतो. दुसरे महायुद्ध संपून दोनच वर्षे झाली होती. प्रेक्षकास या प्रतिमेचा रोख समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

या चित्रपटात गॅलघर नावाचा एक जुना कैदी तुरुंगाच्या वृत्तपत्राचे काम पाहतो. त्याची श्रद्धा वाटाघाटीवर आहे. डॉक्टर वॉल्टर्सची श्रद्धा सुधारणेवर आहे. हे दोघेही बोलतात, आणि दोघांचे बोलणे वाया जाते. जो कॉलिन्स (बर्ट लँकॅस्टर) याची श्रद्धा कशावरच नाही. त्याला केवळ बाहेर पडावयाचे आहे. म्हणून येथील बंडाला मागण्यांची यादी नाही. ज्यांच्या विनंतीला उत्तर मिळत नाही त्यांच्याजवळ शेवटी बळ तेवढे उरते, हे चित्रपटाच्या नावातच सुचविलेले आहे. कॉलिन्स मन्सीला मनोऱ्यावरून खाली फेकतो आणि स्वतःही मरतो. दरवाजा मात्र बंदच राहतो.

४

आता मुख्य उदाहरणाकडे वळावयाचे. 'रायट इन सेल ब्लॉक इलेव्हन' (१९५४) हा डॉन सीगल यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट. त्याचे निर्माते वॉल्टर वेंगर यांनी १९५१ च्या डिसेंबरात एका चित्रपट-व्यावसायिकावर मत्सरापोटी गोळी झाडली होती. त्याबद्दल त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगाच्या आतील स्थिती पाहून आलेल्या या निर्मात्याने सुटकेनंतर हा विषय हाती घेतला. चित्रीकरण कॅलिफोर्नियातील फॉल्सम या खऱ्या तुरुंगात अवघ्या सोळा दिवसांत उरकण्यात आले. गर्दीच्या प्रसंगांत तेथील खरे कैदी व पहारेकरी आहेत. 'क्रेझी माइक' कार्नी या हिंसक कैद्याची भूमिका करणारा लिओ गॉर्डन स्वतः सशस्त्र लुटीच्या गुन्ह्यासाठी शिक्षा भोगून आलेला होता. नायकही नाही, नायिकाही नाही, पळून जाण्याचा बेतही नाही; अशी ही कथा आहे.

अकरा क्रमांकाच्या बराकीतील कैदी पहारेकऱ्यांना ओलीस धरतात. त्यांचा पुढारी डन (नेव्हिल ब्रँड) सर्वप्रथम काय मागतो? मोटार नव्हे, शस्त्रे नव्हेत. वृत्तपत्रांचे प्रतिनिधी बोलवावेत, असे तो सांगतो. म्हणजे त्याला प्रथम श्रोता हवा आहे. तुरुंगाधिकारी रेनल्ड्स (एमिल मायर) समोर आहेच. पण हे वाक्य भिंतीपलीकडे गेले पाहिजे, हे डन जाणतो. त्याच्या मागण्या अशा: कोठड्यांतील गर्दी कमी करावी, अन्न सुधारावे, मारहाण थांबवावी, मनोरुग्ण कैद्यांना निराळे ठेवावे, हाताला काम द्यावे, आणि बंडाबद्दल कोणावर सूड उगवू नये.

येथे चित्रपट आपला सर्वांत महत्त्वाचा तपशील पुढे करतो. शेवटची मागणी वगळता बाकीच्या बहुतेक गोष्टी रेनल्ड्सने स्वतःच शासनाकडे वर्षानुवर्षे मागितलेल्या आहेत. तो कैद्यांवर संतापतो. परंतु त्यांचे म्हणणे खोटे आहे असे म्हणू शकत नाही. शिफारस म्हणून जी वाक्ये फायलीत पडून राहिली, तीच ओलिसांच्या बळावर मागणी म्हणून आली तेव्हा राज्याच्या राजधानीत पोहोचली. प्रस्तुत लेखाच्या आरंभी दिलेल्या विध्यर्थी वाक्याची ही प्रत्यक्ष साक्ष होय.

शासनाचा प्रतिनिधी हॅस्केल याला वाटाघाट नको आहे. सुरुंग लावून बराकीची भिंत उडविण्याची तयारी होते, तेव्हा कैदी ओलिसांना त्याच भिंतीपाशी बांधून ठेवतात. अखेरच्या घटकेस गव्हर्नर मागण्यांच्या कागदावर सही करतो. ओलीस सुटतात, बंड संपते. वृत्तपत्रांत मोठे मथळे येतात. यानंतर काही दिवसांनी रेनल्ड्स डनला बोलावून सांगतो की, विधिमंडळाने गव्हर्नरची सही अमान्य केली आहे. बंडाचे पुढारीपण आणि ओलीस धरणे या आरोपांखाली डनवर खटला होईल, आणि शिक्षेत तीस वर्षांची भर पडू शकेल. मनोरुग्णांना हलविण्यासारखी थोडी सुधारणा तेवढी पदरात पडलेली असते.

५

या शेवटावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. गळ्यावर सुरी ठेवून घेतलेली सही बंधनकारक का मानावी? भारतीय करार कायदा (१८७२) हाही दबावाखाली मिळविलेली संमती रद्द करण्याचा अधिकार दबलेल्या पक्षास देतो. ऑस्टिनच्या परिभाषेत सांगावयाचे, तर येथे वचनाची कृती सदोष आहे. शासनाने अशा सह्या पाळावयाचे ठरविले, तर प्रत्येक तुरुंगात ओलीस धरले जातील, हे हॅस्केलचे म्हणणे तर्कास सोडून नाही.

परंतु या आक्षेपाने वचनाची कृती रद्द होते. वाक्याचा आशय रद्द होत नाही. मनोरुग्णास इतरांबरोबर कोंडणे हे डनच्या सुरीमुळे अयोग्य ठरलेले नाही. ते आधीही अयोग्यच होते, आणि रेनल्ड्सच्या अहवालात तसे नमूद होते. विधिमंडळाने सही अमान्य करताना आशयही अमान्य केला. कृती सदोष म्हणून आशय खोटा, ही गफलत आहे. सीगल यांनी ती पडद्यावर कोणतेही भाषण न करता उघड केली, आणि हा चित्रपट इतरांहून वेगळा ठरतो तो यामुळेच.

या कथानकाला वास्तवाचा भक्कम आधार होता. १९५२ सालच्या एप्रिलमध्ये मिशिगन राज्यातील जॅक्सन येथील प्रचंड तुरुंगात पंधरा क्रमांकाच्या बराकीत बंड झाले. तेथेही ओलीस होते, वृत्तपत्रे होती, आणि गव्हर्नर मेनन विल्यम्स यांच्यापर्यंत गेलेल्या अकरा मागण्या होत्या. वाटाघाटी करणारे मानसशास्त्रज्ञ व उपतुरुंगाधिकारी व्हर्नन फॉक्स यांनी बंड संपविण्याच्या वेळी कैद्यांना उद्देशून जे जाहीर निवेदन केले, त्यात त्यांच्या पुढाऱ्यांची प्रशंसा होती. ओलीस जिवंत सुटले. पण त्या प्रशंसेच्या वाक्यांपायी फॉक्स यांना पद सोडावे लागले. कैद्याशी कसे बोलावे यालाही अलिखित नियम असतात, आणि त्यांचा भंग अधिकाऱ्यालाही महाग पडतो.

कायद्याची स्थितीही लक्षात घ्यावयास हवी. १८७१ साली व्हर्जिनिया राज्याच्या न्यायालयाने रफिन खटल्यात असे मत दिले होते की, शिक्षा भोगणारा कैदी त्या काळापुरता राज्याचा गुलाम असतो. हे मत जरी कालांतराने जुने झाले, तरी तुरुंगाच्या अंतर्गत कारभारात न्यायालयांनी पडू नये, ही वृत्ती पुढे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ टिकली. १९६४ साली कूपर विरुद्ध पेट या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कैद्यास नागरी हक्कांच्या कायद्याखाली तुरुंगाधिकाऱ्याविरुद्ध दाद मागता येते, हे मान्य केले. म्हणजे वर उल्लेखिलेले चारही चित्रपट अशा काळातील आहेत की, जेव्हा कैद्याच्या तक्रारीस न्यायालयाचे दार जवळजवळ बंदच होते.

६

यानंतरचा इतिहास चित्रपटांहून अधिक कठोर आहे. ज्या फॉल्सम तुरुंगात सीगल यांनी चित्रीकरण केले, तेथेच १९७० च्या नोव्हेंबरात कैद्यांनी एकोणीस दिवस संप केला आणि मागण्यांचा एक जाहीरनामा सिद्ध केला. त्या जाहीरनाम्याचा आदर्श पुढे ठेवून न्यूयॉर्क राज्यातील अ‍ॅटिका तुरुंगातील कैद्यांनी १९७१ च्या जुलैत आपल्या मागण्या अधिकाऱ्यांकडे धाडल्या. त्या वेळी ओलीस नव्हते, सुरी नव्हती. केवळ कागद होता. त्याचा उपयोग झाला नाही. ९ सप्टेंबर १९७१ रोजी बंड झाले. आता वाटाघाटी सुरू झाल्या, दूरचित्रवाणीचे कॅमेरे आले, आणि आयुक्त रसेल ऑस्वाल्ड यांनी अठ्ठावीस मागण्या मान्य केल्या. बोलणी माफीच्या प्रश्नावर अडली. गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी तेथे येण्यास नकार दिला. १३ सप्टेंबर रोजी सशस्त्र पोलिसांनी तुरुंग परत घेतला. त्या दिवशीच्या गोळीबारात एकोणचाळीस माणसे मेली; त्यांत दहा ओलीसही होते. बंडातील एकूण मृतांची संख्या त्रेचाळीस.

सीगल यांच्या चित्रपटातील क्रम येथे जवळजवळ पायरीपायरीने दिसतो: आधी अनुत्तरित कागद, मग ओलीस, मग श्रोता. एकच पायरी निराळी आहे. चित्रपटातील गव्हर्नर सही करतो आणि ती नंतर पुसली जाते. अ‍ॅटिकात सहीपर्यंत गोष्ट आलीच नाही.

७

हा प्रश्न अमेरिकेपुरता मर्यादित नाही, हे दाखविणारे एक उदाहरण मराठीच्या अभ्यासकांना विशेष जवळचे वाटेल. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तेथे त्यांनी 'अणूच्या अंतरंगात' हे विज्ञानविषयक मराठी पुस्तक लिहून पूर्ण केले. हस्तलिखित प्रकाशनासाठी पत्नीकडे पाठविण्याची परवानगी त्यांनी मागितली, आणि शासनाने ती नाकारली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. तेथे निकाल संझगिरींच्या बाजूने लागला, आणि १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. स्थानबद्धतेच्या आदेशात वा नियमात ज्या निर्बंधाचा उल्लेख नाही, तो निर्बंध शासनास लादता येणार नाही, असा त्या निर्णयाचा इत्यर्थ आहे. अणूच्या रचनेविषयीची मराठी वाक्ये भिंतीबाहेर आली. त्यासाठी कोणास ओलीस धरावे लागले नाही; कारण ऐकण्यास बांधलेले एक पीठ अस्तित्वात होते.

तुरुंगातील बंडाच्या चित्रपटांचा विचार या दृष्टीने केल्यास त्यांची संगती लागते. 'द बिग हाऊस' मध्ये आवाज आहे, वाक्य नाही. 'चेन गँग' मध्ये वचन आहे, ते पाळणारा नाही. 'ब्रूट फोर्स' मध्ये बोलण्यावरचा विश्वासच संपलेला आहे. 'सेल ब्लॉक इलेव्हन' मध्ये वाक्य आहे, श्रोता आहे, सहीसुद्धा आहे. आणि तरीही काही हाती लागत नाही, कारण भीतीने मिळविलेला श्रोता भीती सरताच उठून जातो. मागणी आणि हक्क यांमधील अंतर हेच होय. मागणी ऐकावी की ऐकू नये, हे ऐकणाऱ्याच्या मर्जीवर असते; हक्काच्या बाबतीत ऐकणाऱ्याला ती मोकळीक नसते. 'कैद्यांना पुरेसे अन्न द्यावे' या वाक्यातील 'द्यावे' हे रूप दोन्ही ठिकाणी एकच राहते. ते नियम म्हणून वाचावयाचे की याचना म्हणून, हे व्याकरण ठरवीत नाही. ते ठरविण्याचे काम तुरुंगाबाहेर राहणाऱ्या नागरिकांचे आहे, आणि वरील चित्रपट ज्यांच्यासाठी काढले गेले तो प्रेक्षकवर्ग म्हणजे हेच नागरिक होत.